लू गेरिगची उमेदवारी

तारीख १८ एप्रिल १९२३. न्यू यॉर्क शहरांत त्या दिवशीं बेसबॉलचे दोन सामने झाले. ब्राँक्स भागांत यांकी संघानें बांधलेल्या नव्या प्रचंड क्रीडांगणाचा तो उद्घाटनाचा दिवस होता. जमलेल्या प्रेक्षकांचा आंकडा ७४,००० च्या वर सांगण्यांत आला, आणि ज्याच्या लोकप्रियतेवर तें क्रीडांगण उभें राहिलें असें लोक म्हणत, त्या बेब रूथनें तेथला पहिला 'होम रन' मारून आलेल्या लोकांचे पैसे वसूल करून दिले. दुसरा सामना तेथून कांहीं मैलांवर, कोलंबिया विश्वविद्यालयाच्या 'साउथ फील्ड' नांवाच्या मैदानांत, मूठभर विद्यार्थ्यांच्या देखत चालला होता. विल्यम्स कॉलेजच्या संघाविरुद्ध चेंडू फेकणाऱ्या एका धिप्पाड डावखुऱ्या तरुणानें एकामागून एक असे सतरा फलंदाज 'स्ट्राइक आउट' केले. विश्वविद्यालयाचा तो विक्रम ठरला. तरीहि सामना कोलंबियानें ५-१ असा गमावलाच. दुसऱ्या दिवशींचीं वृत्तपत्रें बेब रूथनें व्यापलीं होतीं हें सांगावयास नकोच.

या तरुणाचें नांव हेन्री लुइस गेरिग. पुढें सारी अमेरिका त्याला 'लू' या छोट्याशा नांवानें ओळखूं लागली. त्याचें नांव ज्यांनीं ऐकलें आहे त्यांना बहुधा दोन गोष्टी ठाऊक असतात : एक, लागोपाठ २,१३० सामन्यांत तो एकदांहि गैरहजर राहिला नाहीं ही, आणि दुसरी, ज्या दुर्धर रोगानें ऐन उमेदींत त्याचा बळी घेतला त्या रोगाला अमेरिकेंत त्याचेंच नांव पडलें ही. या दोन गोष्टींपुढें त्याच्या आरंभींच्या दिवसांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु हा माणूस कसा घडला हें पाहावयाचें असेल, तर न्यू यॉर्कपासून सुमारें शंभर मैलांवर असलेल्या हार्टफर्ड या गांवीं गेलें पाहिजे. विमा कंपन्यांचें गांव म्हणून तें प्रसिद्ध आहे. लूच्या आयुष्याचा मात्र तेथें कोणी विमा उतरून ठेवलेला नव्हता. एका क्षणीं तर सारें कांहीं तेथेंच संपण्याच्या बेतांत आलें होतें.

गेरिगचे आईबाप जर्मनींतून येऊन अमेरिकेंत स्थायिक झालेले. मॅनहॅटन बेटावर यॉर्कव्हिल नांवाच्या वस्तींत १९ जून १९०३ रोजीं लूचा जन्म झाला. चार मुलें झालीं, त्यांपैकीं हा एकच जगला. बाप पत्र्याचें काम करणारा कारागीर. हातांत कसब होतें, परंतु प्रकृति आणि नोकरी या दोहोंचाहि भरंवसा नव्हता. संसाराचा गाडा ओढला तो आई ख्रिस्टिना हिनें. लोकांचें धुणें, लोकांचा स्वयंपाक, लोकांच्या घरांची झाडलोट असें मिळेल तें काम तिनें केलें. पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकविणारी आई आपल्याकडे घरोघर आढळते. तीच ही, केवळ भाषा तेवढी जर्मन. मुलानें इंजिनियर व्हावें ही तिची एकच इच्छा. चेंडूफळीचा खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असें तिचें स्वच्छ मत होतें.

मुलाच्या मनगटांतील ताकदीनें मात्र आईच्या मताची पर्वा केली नाहीं. २६ जून १९२० रोजीं न्यू यॉर्कच्या 'हायस्कूल ऑफ कॉमर्स'चा संघ शिकागोच्या एका शाळेशीं खेळावयास गेला होता. सामना तेथील व्यावसायिक संघाच्या मोठ्या मैदानावर झाला. त्यालाच पुढें रिग्ली फील्ड हें नांव मिळालें. न्यू यॉर्कच्या मुलांच्या ८ आणि शिकागोच्या ६ धांवा झालेल्या असतांना, नवव्या म्हणजे शेवटच्या डावांत, तिन्ही तळांवर आपले गडी उभे आहेत अशा वेळीं लू फलंदाजीस आला, आणि त्यानें चेंडू उजव्या बाजूच्या भिंतीवरून मैदानाबाहेर घालविला. क्रिकेटच्या षट्काराची उपमा येथें अपुरी पडते. कारण फलंदाजाबरोबर तळांवर उभे असलेले तिघेहि घरीं परततात व एका फटक्यांत चार धांवा होतात. सामना १२-६ असा संपला. प्रेक्षक दहा हजारांवर होते. सतरा वर्षांच्या या पोराला वृत्तपत्रांनीं 'शाळकरी बेब रूथ' म्हणण्यास त्या दिवसापासून आरंभ केला.

कोलंबियाचें शिक्षण हें या घराच्या दृष्टीनें अप्रूप होतें. त्या विश्वविद्यालयाच्या परिसरांत विद्यार्थ्यांच्या एका मंडळाच्या घरीं ख्रिस्टिना स्वयंपाकीण म्हणून काम करी, आणि शाळा सुटल्यावर लू तेथें वाढपाच्या व भांडीं घासण्याच्या कामीं तिला मदत करावयास जाई. हेंच तें कोलंबिया, जेथें १९१३ ते १९१६ या काळांत बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं अध्ययन केलें. ज्या घरांत आपण उष्टीं काढलीं तेथल्या मुलांच्या पंक्तीला विद्यार्थी म्हणून बसण्याचा योग लूला १९२१ सालीं आला, तो त्याच्या फुटबॉलमधील नैपुण्याबद्दल मिळालेल्या शिष्यवृत्तीमुळें.

आणि कॉलेजांत पाऊल टाकण्यापूर्वींच त्यानें एक मोठी चूक करून ठेवली. चूक त्याची म्हणावी कीं त्याला भरीस घालणाऱ्यांची, हा प्रश्नच आहे. न्यू यॉर्कच्या 'जायंट्स' संघाचा सूत्रधार जॉन मॅकग्रॉ हा त्या काळचा बेसबॉलमधील मोठा मुत्सद्दी. १९२१ च्या उन्हाळ्यांत लू त्याच्यापुढें परीक्षेस उभा राहिला. मॅकग्रॉवर त्याची विशेष छाप पडली नाहीं. मात्र उन्हाळाभर हार्टफर्डच्या 'सेनेटर्स' संघांत खेळून ये, आणि खोटें नांव घेतलेंस म्हणजे कॉलेजला पत्ता लागणार नाहीं, असा सल्ला त्याला मॅकग्रॉच्या गोटांतून मिळाला. जेमतेम अठरा वर्षांच्या, घरीं पैशाची नड असलेल्या मुलाला हा सल्ला मोडवला नाहीं. 'हेन्री लुइस' या नांवानें त्यानें हार्टफर्डकडून बारा सामने खेळले. ४६ खेपांत १२ यशस्वी फटके, आणि होम रन एकहि नाहीं. एवढ्यांत कोलंबियाला बातमी लागली, आणि हेन्री लुइस जसा अवतरला होता तसाच अंतर्धान पावला.

पैसे घेऊन एकदां जरी खेळलें तरी हौशी खेळाडूंच्या पंक्तींतून उठावें लागे, असा त्या वेळचा कडक दंडक होता. इंग्लंडांत क्रिकेटमध्यें 'जेंटलमेन' आणि 'प्लेअर्स' असा भेद १९६२ पर्यंत पाळला जात होता. अमेरिकन कॉलेजांतील सोंवळें त्याच जातीचें होतें. या सोंवळ्यापायीं जिम थॉर्प या आदिवासी खेळाडूनें १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्यें मिळविलेलीं दोन सुवर्णपदकें दुसऱ्याच वर्षीं हिरावून घेण्यांत आलीं होतीं. थॉर्पचा अपराध एवढाच कीं, त्यानें दोन उन्हाळे एका किरकोळ संघांत चार पैशांवर बेसबॉल खेळला, आणि तोहि आपल्या खऱ्या नांवानें. खोटें नांव घेऊन खेळणारे कॉलेजकुमार तेव्हां कमी नव्हते. ज्यानें तें घेतलें नाहीं तो बुडाला. लूचें नशीब त्या मानानें बरें. कोलंबियाच्या शिक्षकांनीं रदबदली केल्यावर त्याच्यावर पहिल्या वर्षापुरतीच बंदी आली. १९२२ च्या हिंवाळ्यापूर्वीं तो फुटबॉलच्या मैदानांत दिसूं लागला, आणि १९२३ च्या वसंतांत बेसबॉलच्या.

येथें पॉल क्रिचेल याचा प्रवेश होतो. हा स्वतः एके काळीं सेंट लुइसच्या संघांत यष्टिरक्षकाच्या जागीं खेळलेला. खेळाडू म्हणून यथातथाच, परंतु पारखी म्हणून अद्वितीय. यांकी संघानें त्याला नवे खेळाडू हुडकून काढण्याच्या कामावर नेमलें होतें. २६ एप्रिल रोजीं रट्गर्स कॉलेजविरुद्धचा सामना पाहावयास तो गेला, तो लूनें तेथें दोन होम रन मारले. आपल्याला दुसरा बेब रूथ सांपडला, असें क्रिचेलनें त्याच दिवशीं आपले वरिष्ठ एड बॅरो यांना कळविलें. शोधकांच्या असल्या वल्गना रोज ऐकणाऱ्या बॅरोंनीं ती मनावर घेतली नाहीं. दोन दिवसांनीं साउथ फील्डवर लूचा एक फटका मैदान ओलांडून ११६ व्या रस्त्याच्या बाजूस पार गेला, आणि मग मात्र करार पुढें आला : उरलेल्या हंगामाचे २,००० डॉलर आणि सहीबद्दल रोख १,५०० डॉलर.

त्या घरांत त्या दिवशीं दिवाळी झाली असें समजण्याचें कारण नाहीं. आईबाप दोघेंहि आजारी, डॉक्टरांचे पैसे थकलेले, म्हणून तर हा करार झाला. मुलगा पदवी न घेतां कॉलेज सोडतो याचें दुःख ख्रिस्टिनाला पुष्कळ दिवस होत राहिलें.

१५ जून १९२३ रोजीं लू यांकी संघांतून प्रथम मैदानांत उतरला, परंतु तो केवळ नांवापुरता. 'फर्स्ट बेस'वर वॉली पिप हा अनुभवी खेळाडू पाय रोवून उभा होता, आणि संघाचा सूत्रधार मिलर हगिन्स हा घाई करणारा माणूस नव्हता. कॉलेजांतील कीर्ति येथें कवडीमोलाची. लूच्या अंगीं बळ होतें, पण चेंडू अडवितांना त्याचे पाय एकमेकांत अडकत. पिपच्या मनाचा मोठेपणा असा कीं, आपली जागा घ्यावयास टपलेल्या या पोराला त्या जागेवर कसें उभें राहावें हें त्यानें स्वतः शिकविलें. तरीहि बांकावर बसून कोणी खेळाडू तयार होत नाहीं. ऑगस्ट महिन्यांत हगिन्सनें त्याची रवानगी हार्टफर्डला केली.

अमेरिकन बेसबॉलची रचना ज्यांना ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं येथें थोडें थांबलें पाहिजे. 'मेजर लीग' म्हणजे वरिष्ठ मंडळें दोन. त्यांत त्या काळीं सारे मिळून सोळा संघ, आणि ते दहाच शहरांत एकवटलेले. बाकीचा सारा देश 'मायनर लीग'वर आपली हौस भागवी. या कनिष्ठ मंडळांचीहि उतरंड होती : सर्वांत वर 'एए', तिच्याखालीं 'ए', आणि मग उतरत उतरत 'डी'पर्यंत. हार्टफर्डचा संघ ज्या 'ईस्टर्न लीग'मध्यें होता ती 'ए' वर्गांतली. न्यू हेवन, स्प्रिंगफील्ड, वूस्टर, वॉटरबरी हीं तिचीं गांवें. कारखान्यांचीं, मध्यम वस्तीचीं. रात्रीं दिव्यांच्या उजेडांत खेळण्याची सोय तेव्हां नव्हती. सामना संपला कीं वळकटी बांधून पुढच्या गांवची गाडी पकडावयाची. आपल्याकडील नाटक मंडळ्यांचे मुक्काम ज्यांनीं वाचले असतील त्यांना ही दगदग निराळी सांगावयास नको. संघांत दोन प्रकारचे लोक असत : वर जाण्याची आशा धरणारे कोंवळे, आणि वरून खालीं आलेले वयस्क. दोघेहि एकाच ताटांत जेवत आणि एकमेकांकडे पाहून आपापलें भविष्य किंवा भूतकाळ ओळखीत.

या जगांत लू एकटा पडला. तो मुळांत बुजरा. आईखेरीज कोणाशीं मोकळेपणानें बोलण्याची संवय नाहीं. दोन वर्षांपूर्वीं ज्या मैदानावर आपण खोट्या नांवानें वावरलों तेथेंच आतां 'कोलंबियाचा लू' म्हणून लोक आपल्याकडे बोट दाखवितात, आणि आपल्याकडून चमत्काराची अपेक्षा करतात, याचें ओझें त्याच्या मनावर होतें. पगारांतला मोठा भाग घरीं जाई. अशांत त्याची फलंदाजी बसली. चेंडूमागून चेंडू हुकूं लागले. एका हुकलेल्या खेपेचें दुःख तो पुढच्या खेपेस बरोबर घेऊन जाई, आणि म्हणून तीहि हुके. हार्टफर्डचा सूत्रधार पॅडी ओ'कॉनर यानें न्यू यॉर्कला निरोप धाडला. तेथून क्रिचेल आपल्या मालाची अवस्था पाहावयास स्वतः आला. त्याला दिसला तो खेळ सोडून देण्याच्या विचारांत असलेला एक हताश मुलगा.

क्रिचेल आणि ओ'कॉनर यांनीं मिळून त्याची समजूत घातली. तिचें तात्पर्य अगदीं साधें होतें. या खेळांत सर्वोत्कृष्ट फलंदाजहि दहा खेपांत सहा-सात वेळां हात हालवीत परत येतो; रोज चांगलें खेळतां येणें कोणालाहि शक्य नाहीं, आणि ही गोष्ट जो तरुण लवकर शिकतो तोच टिकतो. शाळा-कॉलेजांत आठवड्यास एक-दोन सामने असत; त्यांत हुकलेला चेंडू आठवीत बसावयास वेळ असे. व्यवसायांत उद्यां दुपारीं पुन्हां उभें राहावयाचें असतें. ताकद, नजर, चिकाटी हें सारें असलेल्या या मुलाला तोंवर एवढें कोणी सांगितलेलेंच नव्हतें. यशस्वी माणसांच्या चरित्रांत असे प्रसंग पुष्कळदां मागाहून रंगविलेले असतात. परंतु येथें आंकडे साक्षीला आहेत. त्या हंगामांत हार्टफर्डकडून तो ५९ सामने खेळला, त्यांत २२७ खेपांत ६९ यशस्वी फटके, म्हणजे हजारीं ३०४ असें प्रमाण पडलें. आणि त्या ६९ फटक्यांपैकीं २४ होम रन. जवळजवळ प्रत्येक तिसरा यशस्वी फटका मैदानाबाहेर!

सप्टेंबरअखेर त्याला न्यू यॉर्कला परत बोलावण्यांत आलें. यांकी संघासाठीं त्या वर्षीं त्याला सारे मिळून १३ सामने आणि २६ खेपा मिळाल्या, त्यांत त्यानें ११ फटके साधले. याच सुमारास पिपला दुखापत झाली, आणि जगज्जेतेपदाच्या सामन्यांत लूला खेळवावें असें हगिन्सनें ठरविलें. नियमाप्रमाणें मुदत टळून गेली होती. बेसबॉलचे सर्वाधिकारी न्यायमूर्ति लँडिस यांनीं, प्रतिपक्षाची हरकत नसेल तर आपली नाहीं, असा निवाडा दिला. प्रतिपक्ष होता जायंट्स, आणि त्याचा सूत्रधार होता तोच जॉन मॅकग्रॉ. त्यानें साफ नकार दिला. ज्याच्या गोटांतल्या सल्ल्यानें या मुलाचें कॉलेजमधलें एक वर्ष वांया गेलें होतें, त्यानेंच आतां त्याची सर्वांत मोठी संधि अडवून धरली. प्रतिस्पर्धी म्हणून मॅकग्रॉचें वागणें नियमाला धरून होतें हें कबूल केलें पाहिजे. परंतु नियमाबद्दलची ही आस्था १९२१ च्या उन्हाळ्यांत कोठें गेली होती, असें विचारावेंसें वाटल्यावांचून राहत नाहीं. सामने यांकींनींच जिंकले. पिप दुखऱ्या अंगानें खेळला.

१९२४ च्या आरंभीं यांकी संघ सरावासाठीं न्यू ऑर्लीन्सला गेला. सरावाच्या काळांत पगार सुरू होत नसे. लूच्या खिशांत इतके थोडे पैसे होते कीं, फावल्या वेळांत एखाद्या उपाहारगृहांत वाढप्याची नोकरी मिळते काय याचा तो गुपचूप तपास करीत होता, असें सांगतात. ज्या संघांत बेब रूथ मूठमूठ डॉलर उधळीत होता त्याच संघाचा हा एक सभासद! आणि सराव संपतांच पुन्हां हार्टफर्ड. एवढें करूनहि परत तेंच गांव पाहून दुसरा एखादा रुसला असता. लू रुसला नाहीं. त्या हंगामांत तो १३४ सामने खेळला. ५०४ खेपांत १८६ यशस्वी फटके, हजारीं ३६९. त्यांत दोन तळांचे ४०, तीन तळांचे १३ आणि होम रन ३७. ईस्टर्न लीगच्या गोलंदाजांना त्याला चेंडू कोठें टाकावा हेंच कळेनासें झालें. क्षेत्ररक्षणांत सफाई अद्याप यावयाची होती, तरी पायांतला गोंधळ पुष्कळ कमी झाला होता. हार्टफर्डला त्याच्या शिक्षणाचें असें कांहीं उरलें नाहीं.

१९२५ सालीं तो यांकी संघांत कायम राहिला, पण पुन्हां बांकावरच. तें साल यांकींना फार वाईट गेलें. बेब रूथ शस्त्रक्रियेमुळें आरंभींचे कित्येक आठवडे अंथरुणांत होता, आणि संघ सारखा हरत होता. १ जून रोजीं पी वी वॅनिंजर याच्या ऐवजीं लूला एका खेपेपुरतें पाठविण्यांत आलें. योगायोग असा कीं, एव्हरेट स्कॉट या खेळाडूची लागोपाठ १,३०७ सामन्यांची मालिका मे महिन्यांत तुटली, ती याच वॅनिंजरला त्याच्या जागीं घेतल्यामुळें. दुसऱ्या दिवशीं, २ जूनला, हगिन्सनें पिपला बसवून लूला फर्स्ट बेसवर उभें केलें. पिपचें डोकें दुखत होतें म्हणून ही संधि मिळाली, अशी कथा अमेरिकेंत घरोघर सांगतात. ती गोड आहे, पण फारशी विश्वसनीय नाहीं. हगिन्सनें त्या दिवशीं एकट्या पिपला नव्हे, तर इतरांनाहि बदललें होतें. सरावांत डोक्यावर चेंडू बसून पिप रुग्णालयांत गेला तो एक महिन्यानें, जुलैच्या आरंभीं. पुढच्या वर्षीं तो सिनसिनाटीच्या संघांत गेला.

२ जून १९२५ ला उभा राहिलेला गेरिग बाजूस झाला तो २ मे १९३९ रोजीं, डेट्रॉइट येथें. आणि तोहि आपण होऊन. शरीर साथ देईनासें झालें होतें. त्या दिवशीं प्रेक्षकांत वॉली पिप बसलेला होता; त्याचें घर त्याच राज्यांत असल्यामुळें तो सहज म्हणून सामना पाहावयास आला होता. रोगाचें निदान त्याच जून महिन्यांत झालें, आणि २ जून १९४१ रोजीं, अडतीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, गेरिगचें देहावसान झालें. त्याच्या मालिकेचा विक्रम कॅल रिपकेन यानें मोडला तो ६ सप्टेंबर १९९५ रोजीं.

२,१३० या आंकड्यांत हार्टफर्डचे सामने धरलेले नाहींत. ते निराळे : तीन हंगामांत मिळून २०५, आणि त्यांपैकीं पहिले बारा हेन्री लुइस या नांवावर.